थंडावा यंत्राचा, ओलावा लाकडाचा

वाइन कूलर आणायचा, त्यातल्या तारेच्या मांडण्या काढून लाकडी फळ्या बसवायच्या, कोपऱ्यात पाणी किंवा आर्द्रता देणारं एखादं छोटं यंत्र ठेवायचं, की सिगारचा ह्युमिडोर तयार, अशी या कामाबद्दलची सर्वसाधारण समजूत असते. तिच्यातला प्रत्येक तपशील खरा आहे, पण कामाचा रोख उलटा आहे. वाइनची बाटली १२-१३ अंशांवर सुखात असते आणि तिच्याभोवतीची हवा किती दमट आहे याच्याशी तिचं नातं फक्त बुचापुरतं. म्हणून कूलर बनवणारा आतल्या दमटपणाची फिकीर करत नाही. तो निघून गेलेलाच त्याला बरा, नाहीतर काचेच्या दारावर धुकं धरतं. सिगारला मात्र १८ ते २० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते, आणि हे दोन आकडे महिनोन्‌महिने जागचे हलता कामा नयेत. म्हणजे पाणी काढून टाकणारं यंत्र घेऊन त्याच्याकडून पाणी जपून घ्यायचं आहे. या कामात काही काळ हात घातला की एक गोष्ट मनात पक्की होते: कूलरमध्ये काय वाढवायचं हा दुय्यम प्रश्न आहे. त्याच्या यंत्राला कमीत कमी काम कसं पडेल हा पहिला प्रश्न आहे. आर्द्रता सांभाळण्याचं काम यंत्राकडून काढून घेऊन ते लाकडाला आणि खुद्द तंबाखूलाच द्यायचं असतं.

हे नुसतं मत नाही, त्यामागे साधा हिशेब आहे. २८ बाटल्यांचा कूलर साधारण ७०-८० लिटरचा असतो. २० अंशांची हवा जास्तीत जास्त पाणी धरते ते घनमीटरला १७ ग्रॅमच्या थोडं वर. त्याचे ६५ टक्के धरले आणि ८० लिटरला लावले, तर त्या संपूर्ण कपाटातल्या हवेत मिळून एक ग्रॅमसुद्धा पाणी भरत नाही. आता दुसरी बाजू पाहा. मध्यम जाडीची एक सिगार १०-१२ ग्रॅमची, आणि चांगल्या स्थितीत तिच्यात साधारण १२ टक्के ओलावा असतो. म्हणजे एकेका सिगारमध्ये सव्वा ग्रॅमच्या आसपास पाणी. कपाटभर हवेत जेवढं पाणी आहे त्याहून जास्त एका सिगारमध्ये! दोनशे सिगार ठेवल्या तर पाव किलो पाणी, आणि तीन किलोच्या लाकडी फळ्या असतील तर त्यात आणखी साडेतीनशे ग्रॅम. हवा कोरडी पडू लागली की हे लाकूड ओलावा सोडतं, दमट झाली की शोषून घेतं. तीन किलो लाकडाने पाच-सहा ग्रॅम पाणी सोडलं तरी त्याचा समतोल जेमतेम एका टक्क्याने उतरतो, आणि तेवढ्या पाण्यात कपाटातली सगळी हवा पाच-सहा वेळा नव्याने भिजवता येते. म्हणूनच भरलेल्या कपाटाचं दार उघडलं की आर्द्रतामापकाचा काटा पडतो आणि काही मिनिटांत आपोआप जागेवर येतो. रिकाम्या किंवा अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या कपाटात तोच काटा तासन्‌तास भरकटतो. नवं कपाट रिकामं असताना आकडे स्थिर होत नाहीत म्हणून पंखे, फवारे, पाण्याची भांडी वाढवत नेणारे लोक खरं तर एक ग्रॅम पाण्याशी झुंजत असतात.

यंत्र हे पाणी कुठे हरवतं, ते समजून घेतलं पाहिजे. २० अंशांची, ६५ टक्के आर्द्रतेची हवा साधारण १३ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिच्यातलं पाणी थेंब होऊन त्यावर बसतं. तो तिचा दवबिंदू. कूलरमधली थंड पट्टी १३ अंशांच्या खाली गेली, की ती जितका वेळ चालते तितका वेळ हवेतून पाणी ओढते. वाइन कूलर दोन जातींचे असतात. एकात घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो आणि त्याची आतली पट्टी शून्याच्या जवळपास जाते. दुसऱ्यात पेल्टिअरची चकती असते. झाँ पेल्टिअर या फ्रेंच संशोधकाने १८३४ साली दाखवून दिलेल्या परिणामावर ती चालते: दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू थंड होते आणि दुसरी गरम. या चकतीची थंड बाजू बऱ्यापैकी सौम्य असते. दवबिंदूच्या खाली ती जाते, पण फार खाली नाही, म्हणून पाणी कमी ओढते. अमेरिकेत हा छंद रुजला तेव्हापासून पेल्टिअरचाच कूलर घ्या हा सल्ला जवळजवळ नियमासारखा दिला जातो तो यामुळे, आणि त्या हवामानापुरता तो बरोबरही आहे.

कॉम्प्रेसरवाल्या कपाटात याहून विचित्र गोष्ट घडते. यंत्र सुरू झालं की पट्टीवर पाणी किंवा बर्फाचा पातळ थर धरतो आणि आर्द्रता घसरते. यंत्र थांबलं की पट्टी तापते, थर वितळतो आणि त्यातलं काही पाणी परत हवेत येऊन आर्द्रता उसळते. तळाशी किंवा मागे पाणी जाण्याचं जे छोटं भोक असतं ते उघडं ठेवलं, तर पाणी बाहेरच्या ताटलीत जाऊन कायमचं गमावलं जातं. ते बुजवलं, तर पाणी आतच राहतं पण आकडा वर-खाली झोके घेत राहतो. दोन्हींतलं बरं काय, यावर बरीच चर्चा होते. मला ती चर्चा मुळात चुकीच्या टोकाला सुरू झाल्यासारखी वाटते. भोक बुजवावं हे खरं, कारण त्यातून बाहेरची हवाही आत येते. पण झोका थांबतो तो यंत्राचा चालण्याचा वेळ कमी केल्यानेच. त्यासाठी कूलरच्या मूळ थर्मोस्टॅटवर विसंबून चालत नाही. बहुतेक कूलरवर जास्तीत जास्त १८ अंशांची खूण असते आणि त्यांची दांडगी घाई वाइनच्या तापमानाकडे जाण्याची असते. म्हणून बाहेरून एक डिजिटल थर्मोस्टॅट लावायचा, त्याचा संवेदक आतल्या फळ्यांच्या मध्यावर ठेवायचा, आणि तापमान २० अंशांच्या वर गेलं तरच कूलरला वीज मिळेल अशी व्यवस्था करायची. कॉम्प्रेसर लगेच-लगेच सुरू-बंद होऊ नये म्हणून मध्ये काही मिनिटांचा विराम बांधून द्यायचा. कूलर निवडतानाच एक पाहून घ्यावं: वीज जाऊन परत आल्यावर तो आपली मांडणी लक्षात ठेवतो की नाही. ज्यांना बोटाने दाबायची बटणं असतात असे कित्येक कूलर वीज परतल्यावर कारखान्यातल्या मूळ आकड्यावर जातात किंवा चालूच होत नाहीत. अशांना बाहेरचा थर्मोस्टॅट कामाचा नाही.

तापमान आणि आर्द्रता हे दोन वेगळे आकडे म्हणून वाचले जातात, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. हवेतलं पाणी तेवढंच ठेवून तापमान २० वरून १९ वर आणलं की ६५ टक्क्यांचे ६९ होतात. एका अंशाला चार टक्के! थंड हवा खाली बसते, म्हणून उभ्या कपाटात तळाशी १७ आणि माथ्यावर २१ अंश असणं काही दुर्मीळ नाही. माथ्यावर ६५ टक्के दिसत असतील, तर तेवढंच पाणी असलेली तळाची हवा ८० टक्क्यांच्या पुढे असते. ७५ च्या वर बुरशीला आमंत्रण, म्हणजे वरचा मापक सगळं ठीक असल्याचं सांगत असताना खालच्या पेट्यांना बुरशी धरते. पंख्याचं खरं काम इथे आहे. आर्द्रता वाढवणं हे त्याचं काम नाही. वरची-खालची हवा एक करणं हे त्याचं काम. संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा एक छोटा पंखा, तोही अधूनमधून चालणारा, पुरतो. फळ्या मात्र मागच्या भिंतीला आणि दाराला टेकवायच्या नाहीत. हवेला चढ-उतार करायला दोन बोटं जागा सोडायची.

वस्तूंनी भरलेल्या बंद पेटीत हे गणित पार बदलतं, आणि माझ्या म्हणण्याला सगळ्यांत भक्कम आधार तिथेच मिळतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार गॅरी थॉमसन यांनी १९७८ साली ‘द म्युझियम एन्व्हायर्नमेंट’ हे पुस्तक लिहिलं. चित्रं, लाकडी मूर्ती, हस्तलिखितं सांभाळणाऱ्यांसाठी ते आजही पायाभूत आहे. प्रदर्शनाच्या काचपेटीत यंत्र बसवण्याऐवजी, हव्या त्या आर्द्रतेला आधीच मुरवलेलं सिलिका जेल घनमीटरला २० किलो या प्रमाणात ठेवावं, असं त्यांनी सुचवलं. ओलावा शोषणाऱ्या-सोडणाऱ्या पदार्थाने भरलेल्या बंद पेटीत तापमान एक अंश हललं तर आर्द्रता अर्ध्या टक्क्याहूनही कमी हलते, आणि तीही रिकाम्या पेटीच्या उलट दिशेने, म्हणजे तापमानाबरोबर थोडी वर जाते. चार टक्के आणि अर्धा टक्का, एवढा फरक फक्त आत काय भरलं आहे यावरून पडतो. संग्रहालयांना जे गवसलं तेच सिगारच्या कपाटाला लागू आहे. तंबाखू हाच शोषणारा पदार्थ, तीच जपायची वस्तू आणि तीच राखणदार. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या कूलरमध्ये सिगार उघड्या फळीवर मांडण्यापेक्षा त्या आपापल्या लाकडी पेट्यांत, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यांत, संपृक्त क्षारांच्या आर्द्रता-पुड्यांसह ठेवाव्यात. बाहेरच्या हवेत आकडा ५५ ते ७२ असा नाचत असला तरी डब्यातला मापक एक टक्काही हलत नाही. यंत्राने फक्त डब्यांभोवतीची हवा गार ठेवायची. डब्याच्या आत काय चाललं आहे, ते त्याला कळूच द्यायचं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. डबेच ठेवायचे तर कूलर हवा कशाला? थंड देशांत अनेक जण कूलर विजेला जोडतच नाहीत. निव्वळ जाड भिंतींची, रबराने घट्ट बसणारी पेटी म्हणून वापरतात, आणि ते अगदी योग्य करतात. चोवीस तास एसी चालणाऱ्या मुंबईतल्या एखाद्या कार्यालयातही बंद डबा आणि पुड्या पुरतात, कूलर विकत घेणं पैशांचा अपव्यय ठरेल. पण आपल्याकडचं सर्वसाधारण घर तसं नाही. रात्री २४ अंश, दुपारी एसी बंद असताना ३२, असं तिथलं चक्र असतं. आणि सिगारचा खरा शत्रू या चक्रातच वाढतो. तंबाखूचा किडा, लॅसिओडर्मा सेरिकोर्न, उष्ण प्रदेशातला. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता ही त्याच्या वाढीला जवळजवळ आदर्श स्थिती. तापमान १८-२० च्या खाली राहिलं की त्याची वाढ मंदावत थांबते. पानात राहून गेलेली अंडी २५ अंशांच्या वर झपाट्याने उबू लागतात आणि सिगारमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसू लागेपर्यंत आत भुसा झालेला असतो. पुडी आर्द्रता सांभाळते, पण किड्याला थांबवत नाही. त्याला थांबवतं ते तापमान, आणि तापमानासाठी यंत्र लागतंच. सुंदर लाकडी ह्युमिडोर तयार मिळत असताना ही खटपट का, याचंही उत्तर हेच आहे: त्या पेटीला थंडावा देण्याची सोय नसते. ती युरोपातल्या दिवाणखान्यासाठी घडवलेली आहे.

इथेच पेल्टिअरचा सल्ला आपल्याला तपासून घ्यावा लागतो. पेल्टिअरची चकती भोवतालच्या तापमानापेक्षा १२ ते १५ अंश खाली नेते, त्याहून फार नाही. ठाण्या-मुंबईत, पंख्याच्या खोलीत ३१-३२ अंश असताना ती आतलं तापमान १८-१९ पर्यंत जेमतेम खेचते, तेही न थांबता चालून. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल तर आत २४-२५, म्हणजे बरोबर किड्याच्या उंबरठ्यावर. शिवाय ही चकती तेवढ्याच थंडाव्यासाठी कॉम्प्रेसरच्या कितीतरी पट वीज खाते. म्हणून पुण्यात किंवा नाशकात, जिथे रात्री तापमान उतरतं, पेल्टिअर चालून जातो. विदर्भ-मराठवाड्यात माझं मत स्पष्टपणे कॉम्प्रेसरच्या बाजूने आहे, त्याच्या सगळ्या दोषांसकट. त्या दोषांना बंद डब्यांचा उतारा आहे. कमी पडणाऱ्या थंडाव्याला उतारा नाही.

लाकडाच्या बाबतीतही सल्ला जसाच्या तसा उचलता येत नाही. परंपरेने ह्युमिडोरला स्पॅनिश सीडर वापरतात. हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं झाड. हिमालयातल्या देवदाराशी त्याचं नातं नाही, आणि लाकूडबाजारात सीडर मागितल्यावर कुणी देवदार पुढे केला तर तो घेऊ नये. त्याचा तेलकट उग्र वास पानात कायमचा उतरतो. आपल्या सह्याद्रीत वाढणारा तून मात्र स्पॅनिश सीडरचा अगदी जवळचा भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात तो एके काळी त्याच प्रजातीत गणला जात असे, आणि भारतात सिगारच्या पेट्या त्याच्या बनत आल्या आहेत. हलकं, सरळ रेषांचं, मंद वासाचं लाकूड आहे. नीट वाळवलेला तून मिळाला तर परदेशी लाकडासाठी अडून बसायचं कारण नाही. प्लायवूड आणि एमडीएफ मात्र पूर्ण टाळावं, कारण त्यांच्या गोंदाचा वास बंद जागेत वर्षानुवर्षं निघत राहतो. फळ्यांना पॉलिशही नको. पॉलिश केलेलं लाकूड ओलावा घेतही नाही, देतही नाही, मग ते तिथे असून उपयोग काय?

नव्या फळ्या वापरण्याआधी डिस्टिल्ड पाण्याचं भांडं आत ठेवून आठवडाभर मुरवाव्यात, असं सगळीकडे सांगितलं जातं. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडाचा ओलावा १२ टक्क्यांवर स्थिरावतो, आणि हीटर चालणाऱ्या कोरड्या घरांत तो ६-८ टक्केच असतो, म्हणून तिथे पाणी पाजणं आवश्यक. पण जुलैत कोकणातल्या सुताराच्या दुकानात पडलेल्या फळीत १७-१८ टक्के ओलावा असतो. तिला पाणी पाजलं, तर कपाट पहिल्याच आठवड्यात ८० टक्क्यांवर जाईल आणि बुरशी धरेल. अशा फळ्या उलट एसीच्या खोलीत ठेवून उतरवाव्या लागतात. खानदेशातल्या एप्रिलमध्ये मात्र परदेशी सल्ला तंतोतंत लागू पडतो. त्यामुळे ऋतू आणि गाव पाहिल्याशिवाय या बाबतीत कुणी नियम सांगत असेल, तर तो ऐकू नये.

एवढं सगळं ज्या आकड्यांवर उभं आहे, ते दाखवणारा मापकच खोटा असू शकतो. स्वस्त मापकांत पाच टक्क्यांची चूक सहज सापडते. तपासायला स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही, आणि मापकासह घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. मापक ७१ दाखवत असेल, तर तो चार टक्के कमी सांगतो हे कळलं.

कूलरच्या आतल्या प्लास्टिकला कारखान्याचा वास असतो, तोही तंबाखू फार लवकर घेतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, दार उघडं टाकून, कोळसा ठेवून तो काढावा लागतो आणि त्याला घाई चालत नाही. भोक बुजवायला सिलिकॉन वापरलं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, वाळताना वास न सोडणारं घ्यावं.

एक आक्षेप तंत्राचा नाही, पण टाळण्यासारखाही नाही. सिगार म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखूने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. २०१२ साली गुटख्यावर बंदी घालणाऱ्या राज्यात हे वेगळं सांगायला नको. धूर छातीत ओढला नाही म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही, आणि कुणी ती ओढायला लागावं असं मला मुळीच वाटत नाही. पण हे काम ज्या ज्ञानावर उभं आहे ते सिगारपुरतं नाही. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर चढणारी बुरशी, तंबोऱ्याच्या भोपळ्याला किंवा व्हायोलिनच्या पाठीला जाणारी चीर, जुन्या पोथीचं ठिसूळ झालेलं पान, या सगळ्यांच्या मुळाशी हाच ओलाव्याचा हिशेब आहे. आकडे तेवढे बदलतात: भिंगाला ४० ते ४५ टक्के हवेत, वाद्याला ५० च्या आसपास.

उरतो वीज जाण्याचा प्रश्न. लोडशेडिंगच्या गावात हे कपाट कसं टिकेल, असं विचारलं जातं. भरलेलं कपाट टिकतं. दोनशे सिगार, त्यांच्या पेट्या आणि फळ्या मिळून कित्येक किलो वस्तुमान २० अंशांवर असतं आणि ते तापायला वेळ लागतो. दार न उघडल्यास चार-पाच तासांत आतलं तापमान काही अंश चढेल. किड्याची अंडी उबायला तेवढ्याने भागत नाही, त्याला दिवस लागतात. त्यामुळे इन्व्हर्टर कूलरला जोडण्याची गरज नाही. त्याऐवजी फळ्यांमधल्या रिकाम्या जागेत पाण्याने भरलेल्या, घट्ट बुचाच्या दोन-तीन बाटल्या आडव्या ठेवाव्यात. पाणी त्याच आकाराच्या लाकडापेक्षा बरीच जास्त उष्णता पोटात घेतं, आणि वीज असतानाही या बाटल्यांमुळे कॉम्प्रेसर कमी वेळा सुरू होतो.